सत्तेला हवा असलेला होकार
(कृ. प्र. खाडिलकर यांच्या ‘भाऊबंदकी’ नाटकाची प्रस्तावना)

1773 च्या पावसाळ्याअखेर रघुनाथराव ऊर्फ राघोबादादांच्या हाती काय नव्हते? शनिवारवाडा होता, फौज होती, फडावरचे कारकून वाकून मुजरे करत होते. साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रे आणण्याची तजवीज चालली होती आणि पुढे ती वस्त्रे आलीही. अठरा वर्षांचा पुतण्या नारायणराव 30 ऑगस्टच्या दुपारी, ऐन गणेशोत्सवात, गारद्यांच्या तलवारींखाली मेला होता आणि शहरात द्वाही फिरली होती ती दादासाहेबांच्याच नावाने. एवढे सगळे जमून आले असताना त्यांची वाट अडवली ती एका शास्त्र्याने. त्याच्या पदरी पथक नव्हते, ताब्यात किल्ला नव्हता, पाठीशी सरदार नव्हते. तो पुण्याच्या न्यायासनावर बसत होता, एवढेच काय ते त्याचे बळ.

त्या न्यायाधीशाचे नाव रामशास्त्री प्रभुणे. ‘भाऊबंदकी’ हे नाटक राघोबादादांचे आहे, आनंदीबाईंचे आहे, गारद्यांचे आणि कारभाऱ्यांचेही आहे. पण 1909 पासून आजवर ते लोकांच्या लक्षात राहिले ते रामशास्त्र्यांमुळे. हे नाटक आमच्या केमसारख्या गावातली पोरे आज बसवायला घेतील, तर त्यांनी आधी काय समजून घ्यावे, यासाठी हे चार शब्द.

घडले ते एवढे

थोरले माधवराव पेशवे 18 नोव्हेंबर 1772 रोजी थेऊरला वारले. गादीवर धाकटा भाऊ नारायणराव आला. काका रघुनाथराव पराक्रमी, अटकेपर्यंत घोडदौड करून आलेला, पण राज्याच्या वाटणीवरून आधी माधवरावांशी लढलेला आणि हरलेला. नारायणरावाच्या काळात तो शनिवारवाड्यातच नजरकैदेत होता. गारद्यांचा, म्हणजे पहाऱ्यावरच्या भाडोत्री शिपायांचा, पगार थकला होता. सुमेरसिंग, खरकसिंग, महंमद इसाफ हे गारद्यांचे म्होरके आणि तुळाजी पवार हा खिजमतगार यांनी मिळून कट शिजवला. नारायणरावाला पकडायचे, एवढाच हुकूम होता असे दादासाहेबांचे म्हणणे. प्रत्यक्षात पोरगा काकाच्या कमरेला मिठी मारून ‘वाचवा’ म्हणत असताना कापला गेला, असे परंपरा सांगते. हुकमाच्या कागदावर ‘धरावे’चे ‘मारावे’, म्हणजे ‘ध’चा ‘मा’, कोणी केले, हा प्रश्न मराठी माणूस तेव्हापासून चघळतो आहे. आनंदीबाईंनी केला, असे लोककथेने ठरवून टाकले. इतिहासाला तेवढी खात्री देता येत नाही.

रामशास्त्र्यांनी चौकशी केली. साक्षी घेतल्या, कागद पाहिले, धागे जुळवले आणि ते दादासाहेबांपुढे गेले. खुनाला प्रायश्चित्त काय, असे विचारल्यावर शास्त्र्यांनी देहान्त सांगितला. पेशवाईत ब्राह्मणाला सहसा मरणाची शिक्षा होत नसे, आणि इथे गुन्हेगार ब्राह्मण तर होताच, शिवाय राज्याचा धनी होता. निकाल सुनावून शास्त्री पुण्यातून निघाले आणि वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले. या माणसाच्या हाताखाली न्यायाचे काम करणार नाही, हे त्यांनी सांगून टाकले होते.

पुढची हकिकत इतिहासाच्या पुस्तकात आहे. सखारामबापू बोकील, नाना फडणीस, हरिपंत फडके आदी कारभाऱ्यांनी बारभाईंचे कारस्थान रचले. नारायणरावाची गरोदर विधवा गंगाबाई हिला पुरंदरावर नेऊन ठेवले. 18 एप्रिल 1774 रोजी तिला मुलगा झाला, तोच सवाई माधवराव. दादासाहेब गुजरातेत पळाले, इंग्रजांकडे गेले आणि मार्च 1775 मध्ये सुरतेचा तह करून बसले. घरातले भांडण परक्याच्या दारात नेण्याचा तो करार मराठी राज्याला महागात पडला. इंग्रजांशी पहिले युद्ध झाले आणि ते 1782 च्या सालबाईच्या तहाने थांबले. दादासाहेब 1783 च्या डिसेंबरात कोपरगावला वारले. शिक्षा त्यांना झालीच नाही. नाटक वाचताना ही गोष्ट विसरू नये.

नाटककाराच्या डोळ्यांपुढचे न्यायालय

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचे, जन्म 1872. 1897 मध्ये ते लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’त आले. शस्त्रांच्या खटपटीसाठी त्यांनी नेपाळात कौलांचा कारखाना काढला होता. उत्तर आयुष्यात त्यांनी ‘नवाकाळ’ दैनिक सुरू केले आणि त्यातल्या लेखनाबद्दल राजद्रोहाच्या खटल्यात तुरुंगही पाहिला. ‘मानापमान’ आणि ‘स्वयंवर’ या संगीत नाटकांनी त्यांचे नाव घराघरांत गेले, पण त्यांची धार पाहायची ती ‘कीचकवध’ आणि ‘भाऊबंदकी’ या गद्य नाटकांत. ‘कीचकवध’ 1907 चे. त्यातल्या कीचकात लोकांना लॉर्ड कर्झन दिसला आणि 1910 मध्ये सरकारने ते नाटक बंद केले. ‘भाऊबंदकी’ त्या दोन सालांच्या मधले.

हा काळ ध्यानात घ्यायला हवा. 22 जुलै 1908 रोजी मुंबई उच्च न्यायालयात टिळकांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. नऊ जणांच्या ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. सातांनी दोषी ठरवले, दोघांनी नाही. न्यायमूर्ती दावर यांनी शिक्षा सुनावली आणि टिळक मंडालेला गेले. ‘केसरी’तली खाडिलकरांच्या खांद्यावरची जबाबदारी त्या दिवसांत वाढली. ज्याचा गुरू न्यायालयाच्या दारातून तुरुंगात गेला, त्या नाटककाराने पुढच्याच वर्षी रंगभूमीवर एक न्यायाधीश उभा केला. आणि तो न्यायाधीश राज्यकर्त्याच्या तोंडावर त्याचा गुन्हा सांगतो. 1909 च्या प्रेक्षकाला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. कथा पेशवाईची असल्यामुळे सरकारला बोट ठेवायला जागा नव्हती आणि टाळी कशासाठी पडते आहे, हे थिएटरात सगळ्यांना कळत होते.

पण नुसत्या टाळीवर हे नाटक जगले नसते. पुढे मुंबई मराठी साहित्य संघाने ते पुन्हा रंगभूमीवर आणले. नानासाहेब फाटक राघोबा आणि दुर्गाबाई खोटे आनंदीबाई, ही जोडी जुन्या रसिकांच्या बोलण्यात वर्षानुवर्षे राहिली. 1944 मध्ये प्रभातने ‘रामशास्त्री’ चित्रपट काढला. गजानन जागीरदार त्यात रामशास्त्री झाले आणि ललिता पवार आनंदीबाई. टिळकांचा खटला विस्मरणात गेला, इंग्रज गेले, तरी ही गोष्ट सांगण्यासारखी राहिली, कारण तिच्यातला पेच इंग्रजांबरोबर गेला नाही.

राघोबा वाईट नाही, म्हणूनच

खाडिलकरांना शेक्सपिअर जवळचा. ‘सवाई माधवराव यांचा मृत्यू’ या त्यांच्या पहिल्या नाटकावर त्याची छाया आहे आणि ‘भाऊबंदकी’त ‘मॅकबेथ’ची आठवण जागोजाग येते. शूर, पण मनाचा कच्चा नवरा आणि त्याच्या इच्छेला धार लावणारी बायको. राघोबा खलनायक म्हणून रंगवला तर नाटक पहिल्या अंकातच संपते. तो प्रेमळ आहे, भाविक आहे, पुतण्यावर त्याचा जीव आहे आणि आपल्यावर अन्याय झाला असे त्याला मनापासून वाटते. सत्ता गैरमार्गाने मिळवणाऱ्या बहुतेकांची सुरुवात ‘माझ्यावर अन्याय झाला’ इथूनच होते. बांधावरून वाद घालणाऱ्या भावांपैकी एकानेही आपण दुसऱ्याचे लाटतो आहोत असे कधी म्हटलेले आपण ऐकले आहे का? प्रत्येकाला आपलाच तुकडा गेल्यासारखे वाटत असते. राघोबाचे दुखणे तेच. फरक एवढाच की त्याचा बांध अटकेपर्यंत गेलेला.

आनंदीबाईंबद्दल मात्र नाटक बसवणाऱ्यांनी जरा सावध राहावे. सगळे पाप बाईच्या पदरात बांधून पुरुषाला मोकळे सोडण्याची सोय आपल्या परंपरेने फार लवकर शोधली. ‘तिने नासवला, नाही तर दादा बरा होता’ असे म्हटले की दादाची जबाबदारी संपते. रामशास्त्र्यांनी ही सोय मान्य केली नाही. त्यांनी दोष राघोबाच्या माथी ठेवला, कारण हुकूम त्याच्या अधिकारातून निघाला होता. आज तर चित्र उलटले आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींच्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. खुर्चीवर बाईचे नाव आणि कारभार नवऱ्याचा, हे गावोगाव दिसते. आनंदीबाईची भूमिका करणाऱ्या मुलीने ती डोळे वटारणारी कैकेयी करू नये. नवऱ्याला दिलेला शब्द पाळला गेला नाही याचा तिला राग आहे, आणि अधिकाराला हात लावायचा मार्ग तिच्यापुढे नवऱ्यातूनच जातो. एवढे समजले तरी भूमिका उभी राहते.

शास्त्री आधीपासूनच तसे होते

रामशास्त्री माहुलीचे, साताऱ्याजवळचे. काशीला शिकून ते पुण्यात आले आणि 1759 च्या सुमारास न्यायाधीश झाले. त्यांच्याबद्दलच्या गोष्टी ग्रँट डफने 1826 च्या आपल्या इतिहासात आदराने टिपल्या आणि त्याच पुढे शाळेच्या पुस्तकांत गेल्या. तरुण माधवराव जपतपात गढले आणि कारभार तुंबला, तेव्हा शास्त्र्यांनी काशीला जाण्याची रजा मागितली. राज्य करायचे तर राज्याचा धर्म पाळावा, नाही तर चला, दोघे मिळून गंगेकाठी बसू, असा त्यांचा सांगण्याचा रोख होता. माधवरावांनी अनुष्ठाने कमी केली. दुसरी गोष्ट श्रावणातल्या दक्षिणेची. दक्षिणा घ्यायला शास्त्र्यांचा सख्खा भाऊ आला. नाना फडणिसांनी त्याला जास्त द्यायचे सुचवले. शास्त्री म्हणाले, विद्वत्तेत हा बाकीच्यांसारखाच, तेव्हा बाकीच्यांएवढेच द्या. भाऊ म्हणून जे द्यायचे ते मी घरून देईन.

या दोन्ही गोष्टींत जिवाला धोका नाही. पहिलीत मालकाची नाराजी आहे, दुसरीत भावाची. भावाची नाराजी जास्त अवघड. ती जन्मभर घरात राहते. मला वाटते, 1773 च्या दरबारातला नकार या श्रावणातल्या नकारातून आला. भावाला चार रुपये जास्त मिळू दिले नाहीत, म्हणून पेशव्याला देहान्त सांगताना आवाज कापला नाही. नाटकात हा आधीचा रियाज फारसा दिसत नाही, दिसतो तो निकाल. त्यामुळे रामशास्त्री करणाऱ्या नटाला वाटते, एका प्रवेशात सगळा बाणा दाखवायचा आहे, आणि तो ओरडू लागतो. ‘रामशास्त्री बाणा’ हे शब्द आपल्याकडे सत्काराच्या फ्लेक्सवर कुणालाही लावतात. केमसारख्या कुंकवाच्या गावात राहणाऱ्याला पुडीवरचे नाव आणि पुडीतला माल यांतला फरक शिकवावा लागत नाही.

एक गोष्ट कबूल करायला हवी. रामशास्त्र्यांचे न्यायासन धर्मशास्त्रावर चालत होते आणि त्या शास्त्रात सगळी माणसे सारखी नव्हती. जात पाहून दंड आणि प्रायश्चित्त ठरत असे. त्या काळात अस्पृश्य ठरवलेल्याला त्या न्यायासनापुढे ब्राह्मणाइतका न्याय मिळत नव्हता. महात्मा फुल्यांनी पेशवाईचा हिशेब मांडला तो याच बाजूने. म्हणून शास्त्र्यांना देव्हाऱ्यात बसवायचे कारण नाही. त्यांच्या काळाने आखून दिलेल्या चौकटीत राहून, त्या चौकटीतला सर्वांत मोठा माणूस गुन्हेगार निघाल्यावर त्यांनी नियम वाकवला नाही. त्यांचे मोठेपण एवढेच आहे आणि ते पुरेसे आहे.

राघोबाला शास्त्री का हवे होते

या नाटकाचा गाभा मला इथे दिसतो. ज्याच्याकडे फौज आहे त्याने शास्त्र्याची पर्वा का करावी? हाकलून द्यावे, नवा न्यायाधीश नेमावा. राघोबा तसे करू शकत नाही. खुनाने खुर्ची मिळते, पण तिच्यावर बसता येत नाही. बसायला कोणीतरी ‘हे रीतसर आहे’ असे म्हणावे लागते. साताऱ्याची वस्त्रे त्याचसाठी, शास्त्र्यांचा होकारही त्याचसाठी. सत्ता कितीही दांडगी असली तरी तिला सज्जनाची सही लागते. ती सही मिळाली तर खून हा राजकारणाचा एक प्रसंग होतो, आणि नाही मिळाली तर तो खूनच राहतो.

हे समजायला पेशवाईत जावे लागत नाही. कुठल्याही गावच्या ग्रामसभेचे प्रोसिडिंग बुक उघडून पाहावे. खाली सह्या आणि अंगठे ओळीने उमटलेले असतात आणि वरचा ठराव वेगळ्या शाईत, नंतर दाटीवाटीने बसवलेला असतो. अविश्वास ठरावाच्या आधी सदस्यांना गाडीत घालून सहलीला नेतात, परत आणतात ते थेट बैठकीला, हात वर करायला. पंचनाम्यावर पंच म्हणून कोण सही करणार, रस्त्याचे काम झाले असा दाखला कोण देणार, सोसायटीच्या थकबाकीच्या यादीतून कुणाचे नाव कोण गाळणार, हे सगळे प्रश्न शेवटी एका सहीशी येतात. दांडगाई करणाऱ्याला चार पोरे कुठेही मिळतात. त्याला अडते ते सही करणाऱ्या माणसापाशी. गावातला शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, पंच, कुणीही त्या दिवसापुरता न्यायाधीश असतो. तो बहुधा सही करतो, कारण त्याच्या पोरांच्या शाळेचा, बदलीचा, शेताच्या वाटेचा प्रश्न असतो. त्याला भित्रा म्हणून हिणवणे सोपे आहे. शास्त्र्यांनाही संसार होता, एवढी आठवण मात्र त्याला करून द्यावी.

सोळाव्या शतकात इंग्लंडात सर थॉमस मोर यांच्यावर असाच प्रसंग आला. राजा आठव्या हेन्रीला दुसरे लग्न करायचे होते आणि धर्मपीठावरचा अधिकारही स्वतःकडे घ्यायचा होता. हे मान्य असल्याची शपथ त्याने साऱ्या देशाकडून घेतली. मोर शपथ घेईनात. मोर गप्प राहिले. कायद्याने मौनाला गुन्हा ठरवता येत नाही, हा त्यांचा आधार. शेवटी खोट्या साक्षीवर 6 जुलै 1535 रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. रॉबर्ट बोल्ट यांनी 1960 मध्ये त्यावर नाटक लिहिले आणि त्यावरचा चित्रपटही गाजला. राजाला हजारोंच्या शपथा मिळाल्या होत्या, तरी एका मोरची हवी होती; कारण मोर खोटे बोलत नाही, हे लोकांना ठाऊक होते. राघोबाचे आणि हेन्रीचे दुखणे एकच. दोघांच्या उत्तरांत मात्र फरक आहे. मोर मौनाच्या आड उभे राहिले, कारण ते आरोपी होते. रामशास्त्री बोलले, कारण ते न्यायाधीश होते; न्यायाधीशाच्या मौनाचा अर्थ संमती असाच होतो. मोर मेले आणि संत झाले. शास्त्री जगले, बारभाईंच्या काळात पुण्याला परत आले आणि 1789 मध्ये मरेपर्यंत पुन्हा त्याच जागी खटले निकालात काढत राहिले. मला हा दुसरा शेवट जास्त उपयोगाचा वाटतो. नकार दिल्यावर मरावेच लागते असे नाही, पण जागा सोडून खेड्यात जाण्याची तयारी लागते, आणि परत बोलावणे आले तर तेच काम तसेच करायचीही.

आपल्याकडे हे स्वातंत्र्यानंतरही घडले. 1975 च्या डिसेंबरात, आणीबाणीच्या दिवसांत, कऱ्हाडला साहित्य संमेलन भरले. केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण हजर होते. अध्यक्ष दुर्गाबाई भागवत यांनी त्या व्यासपीठावरून विरोधकांचे नेते जयप्रकाश नारायण यांना आराम पडावा म्हणून सगळ्यांना प्रार्थनेला उभे केले. सरकारला संमेलनाकडून शांत, साजरा सोहळा हवा होता, म्हणजे पुन्हा सहीच. ती मिळाली नाही.

शास्त्री नसलेले पुणे

‘भाऊबंदकी’ वाचून झाल्यावर विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ हाती घ्यावे. 16 डिसेंबर 1972 रोजी पुण्यात जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली त्याचा पहिला प्रयोग झाला आणि मोठे वादळ उठले. शहर तेच, नाना फडणीसही तोच. पण तेंडुलकरांच्या पुण्यात रामशास्त्री नाही. नाना घाशीरामाला कोतवाल करतो, वापरतो आणि लोक खवळल्यावर त्यांच्या हवाली करतो. मधे उभे राहून ‘हे चालणार नाही’ म्हणणारा एकही माणूस त्या नाटकात येत नाही. नाचणारी, गाणारी माणसांची भिंत तेवढी आहे. इतिहासात घाशीरामाला लोकांनी ठेचून मारले ते 1791 मध्ये, शास्त्री वारल्यानंतर दोन वर्षांनी. या योगायोगाचा फार अर्थ काढू नये. तरी दोन्ही नाटके एकापाठोपाठ वाचली की कळते, न्यायाधीशाची खुर्ची रिकामी पडली की कोतवालाची भरते.

हे आपल्याच मातीत घडले

केमच्या किंवा करमाळ्याच्या वाचकाला शनिवारवाडा लांबचा वाटेल. पण नारायणरावाच्या खुनानंतरची या भाऊबंदकीतली पहिली मोठी लढाई आपल्याच सोलापूर जिल्ह्यात झाली. मार्च 1774 मध्ये पंढरपूरजवळ कासेगावला राघोबाच्या फौजेने बारभाईंच्या त्रिंबकराव पेठ्यांना गाठले. पेठे जखमी होऊन पकडले गेले आणि त्यातच वारले. मराठ्यांची फौज मराठ्यांच्या फौजेवर तुटून पडली, दोन्हीकडे ओळखीचे चेहरे. आणि या कथेचा शेवटही आपल्याच जिल्ह्यात आहे. 20 फेब्रुवारी 1818 रोजी मोहोळ तालुक्यातल्या आष्टीला पेशव्यांचे सेनापती बापू गोखले इंग्रजांशी लढता लढता पडले, साताऱ्याचे छत्रपती इंग्रजांच्या हाती गेले आणि पळणारा पेशवा होता दुसरा बाजीराव, म्हणजे राघोबा-आनंदीबाईंचाच मुलगा. बापाने इंग्रजांना घरात घेतले आणि मुलाला घराबाहेर पडावे लागले. कासेगाव ते आष्टी, चव्वेचाळीस वर्षे. शिक्षा झाली नाही म्हणून शास्त्र्यांचा निकाल वाया गेला, असे म्हणणाऱ्याने ही दोन गावे नकाशावर पाहावीत. त्या निकालामुळे राघोबा वैध पेशवा राहिला नाही आणि बारभाईंना उभे राहायला जमीन मिळाली. त्यांच्यातले सगळेच काही शास्त्र्यांइतके निर्मळ नव्हते. तरी खुनी कोण, हे एका माणसाने आधी स्पष्ट सांगून ठेवले होते, म्हणून बाकीच्यांना बाजू घेता आली.

बसवणाऱ्यांसाठी

खाडिलकर 1948 मध्ये गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे हे नाटक आज कुणालाही करता येते. जुन्या पद्धतीचे लांब नाटक आहे, भाषणे लांबलचक आहेत. जसेच्या तसे केले तर आजचा प्रेक्षक अर्ध्यातून उठेल. कापावे लागेलच. स्वगते कमी करा, कारभाऱ्यांची खलबते आटोपती घ्या, गारद्यांचे प्रवेश सुटसुटीत करा. दरबारची भाषा मात्र खाडिलकरांचीच ठेवा, तिला वजन आहे. खिजमतगार आणि शिपाई आपल्या बोलीत बोलले तरी बिघडत नाही.

ड्रेपरीवाल्याकडून पगड्या आणि अंगरखे भाड्याने मिळतील, पण शास्त्र्यांना जरीचे उपरणे देऊ नका. साधे धोतर, साधी पगडी. निकालाच्या प्रवेशात त्यांना मधोमध उभे करून प्रेक्षकांकडे तोंड करायला लावतात, ते टाळा. ते बसलेले असावेत, राघोबा उभा असावा आणि बोलणे राघोबाशी व्हावे. आवाज चढवायचा तो राघोबाने. शास्त्र्यांनी चौकशीत काय काय आढळले ते एकामागून एक सांगत जावे, जसा अनुभवी कारकून फाइल वाचतो तसे. टाळी पडली तर थांबू नये, पुढचे वाक्य बोलावे. तालमीत या प्रवेशाला इतर कुठल्याही प्रवेशापेक्षा जास्त दिवस द्या. प्रॉम्प्टरवर विसंबून हा प्रवेश होत नाही.

राघोबासाठी गावातला सगळ्यांना आवडणारा नट निवडा. तो वाईट वाटला नाही, तरच त्याने केलेले वाईट अंगावर येते. आणि रामशास्त्र्यांसाठी भारदस्त आवाजाचा माणूस शोधत बसण्याआधी गावात नजर टाका. एखादा पंच, एखादा मास्तर, ज्याने कधीतरी एखाद्या कागदावर सही करायला नकार दिला आणि त्याची किंमत मोजली, असा माणूस प्रत्येक गावात निघतो. त्याला अभिनय येत नसेल, तो आपण शिकवू.

— केम, ता. करमाळा, जि. सोलापूर